ब्रेक ऑइल टाका, सील फुगते म्हणे!

मागच्या आठवड्यात तोच मेसेज मले चौथ्यांदा आला, आणि यावेळी पाठवणारा माझा सख्खा चुलतभाऊ, ज्याची सहा सिलिंडरची जुनी ट्रकगाडी वणीहून कोळसा आणि सीझनमध्ये हिंगणघाटले कापूस वाहते. मेसेज थोडक्यात असा, की पुढची क्रँक सील (क्रँकशाफ्ट इंजिनातून पुढं बाहेर येते तिथं ऑइल अडवणारी रबराची कडी) गळाली तं पुली (त्याच शाफ्टच्या टोकावरचं, बेल्ट फिरवणारं चाक) खोलायच्या भानगडीत पडू नका, मिस्त्री लुटते, इंजिन ऑइलात १०० मिली ब्रेक ऑइल ओता, सील फुगून दोन दिवसात गळणं बंद, नाई झालं तं जाड ऑइल टाका, आणि नवी सील टाकूनही गळली तं समजा सील डुप्लिकेट. खाली हात जोडलेले, सगळ्या ड्रायव्हर भावांना पाठवा.

पहिले ब्रेक ऑइल. रबर फुगते, हे खरं आहे, म्हणूनच तं मेसेज चालते. पण डॉट ३, डॉट ४ (ब्रेक ऑइलाचे नेहमीचे प्रकार) हे ग्लायकॉलवालं, पाण्यात मिसळणारं, अन् इंजिनातलं ऑइल खनिज तेल, दोघाचं जमत नाई. सील साध्या नायट्राइल रबराची असली तं ती फुगते अन् लिबलिबीत होते, ओठ (फिरत्या लोखंडाले टेकणारी सीलची आतली कड) पाण्यात पडलेल्या पापडावानी, आणि मग दुप्पट गळते. बरं, ते ऑइल काय फक्त पुढच्याच सीलले जाऊन भेटते का? मागची सील, ओ-रिंगा, जिथं जिथं रबर तिथं तिथं जाते, आणि बेअरिंग ज्या ऑइलाच्या पातळ थरावर जगते त्यातच भेसळ. पिकअपच्या ब्रेकच्या डब्यात कोणी इंजिन ऑइल टाकते का राजा? ब्रेकचे रबरी कप फुगून चाकं जाम होतात हे पोट्ट्यालेही माहीत. मग उलटं कसं चालन? सील नरम करायचं औषध दुकानात वेगळं मिळते, वाळून कडक झालेल्या सीलवर थोडे दिवस झिरपणं कमी करते, माझं त्याच्याशी भांडण नाई. पण ओठ फाटला असन तं तेही बेकार.

जाड ऑइलाचं जास्त बोलत नाई. गाडीच्या पुस्तकात १५डब्ल्यू४० (ऑइलाच्या जाडीचा नंबर) लिहिलं आहे तं तेच टाका, जानेवारीत पहाटे स्टार्टर मारल्यावर जाड ऑइल वर रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांपर्यंत, उशिरा पोचते आणि तेवढा वेळ लोखंडावर लोखंड घासते. आणि पुढच्या सीलवर ऑइल पंपाचं प्रेशर येतच नाई हो, तिथं उडालेलं ऑइल येते अन् इंजिनाच्या पोटातली हवा.

आता ती ‘डुप्लिकेट सील’. डुप्लिकेट माल बाजारात आहे, नाई म्हणत नाई. पण भावाच्या गाडीले वर्षात दोनदा सील बदलली होती, दुसरीकडं, दोन्ही वेळा महिन्याभरात पुली ओली. मी पुली काढली, हब (पुलीचा मधला नळीसारखा भाग, जो सीलमधून आत जाते) डिझेलनं पुसला अन् जिथं सीलचा ओठ बसते तिथं नख आडवं फिरवलं, तं नख अडकलं. चांगली खाच पडलेली, गोल, चकचकीत. लोकाले वाटते रबर लोखंडाले काय करन, पण ऑइलातली बारीक घाण ओठाखाली बसते अन् वर्षानुवर्षं पॉलिश पेपरवानी घासते. अशा खाचेवर सोन्याची सील लावली तरी गळनच. यावर उपाय दोन, हबवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवायची (चांगली तयार स्लीव्ह पाव मिलिमीटरच्या आसपास जाड राहते, म्हणून तीच सील चालते), नाईतं सील कव्हरात दोनेक मिलिमीटर मागंपुढं बसवायची की ओठ कोऱ्या जागेवर टेकन, फक्त ऑइल परतायचं भोक बुजलं नाई पायजे. आमच्याकडं बरेच जण हब लेथवर नेऊन घासून आणतात. घासल्यानं माप कमी होते अन् ओठाची पकड जाते, ते नका करू.

पण खरी गंमत वेगळीच होती. इंजिन चालू ठेवून ऑइलाचं झाकण काढलं तं भकाभका हवा. पिस्टनच्या रिंगा घासल्या असन, हाच पहिला संशय, भाऊ तं खर्च मोजायलेच लागला. मी म्हटलं थांब बे, ब्रीदरचा (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारा) पाइप पाहू दे. खालच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं! गाडी पावसाळ्यात दोन महिने उभी होती ना. तारेनं कोरलं, अर्धी मूठ माती निघाली, हवा निम्म्याच्या खाली आली. पोटातल्या हवेले बाहेर जायले रस्ता नसन तं ती ऑइल घेऊन जिथं पोकळ सापडन तिथून निघन, आणि सगळ्यात पोकळ जागा म्हणजे तोच सीलचा ओठ.

‘पुली खोलू नका’ यात एक अर्धसत्य आहे. चुकीची खोलली तं खरंच नुकसान. ज्या पुलीत डॅम्पर आहे, म्हणजे मधात रबराची कडी, तिले बाहेरच्या कडेले पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावून ओढलं की रबर सुटते, अन् हातोडा तं नकोच. हबच्या भोकात बोल्ट टाकून सरळ ओढा. सील बसवताना स्प्रिंगवाली बाजू आत, सपाट तोंडाचा पाइप नाई तं जुनी सील ठेवून चारी बाजूनं सारखं ठोका, ओठाले बोटानं ऑइल लावा. टेफ्लॉनवाली असन तं मात्र कोरडीच, तिच्या पाकिटावर लिहिलं राहते. क्रँकचा नट कंपनीच्या टॉर्कले (किती जोरानं आवळायचा ते माप), अंदाजानं नाई.

आणि खोलायच्या आधी एक काम फुकटचं: पुढचा भाग धुऊन कोरडा करा, टाल्कम पावडर उडवा, इंजिन चालवा, ओल कुठून येते ते पाहा. पंखा ऑइल मागं उडवते, म्हणून टायमिंग कव्हरचं (इंजिनाच्या पुढच्या झाकणाचं) गॅस्केट गळलं तरी दोष सीलवर जाते. गळू देऊ असंही म्हणू नका, ऑइल बेल्टवर गेलं की बेल्ट घसरते, पाण्याचा पंप सुस्त, अन् मे महिन्यात पांढरकवड्याच्या रस्त्यावर भरल्या गाडीचा टेंपरेचरचा काटा कुठं जाते ते सांगायले नको.

मिस्त्री लुटते म्हणता, काही लुटतातही. सीलचे पैसे थोडे, मजुरीच जास्त, कारण रेडिएटर, पंखा, बेल्ट सगळं काढा लागते. समोर उभं राहून जुनी सील हातात घ्या, हब दाखव म्हणा.

भावानं हा मेसेज आधीच कुठंतरी वाचून ब्रेक ऑइलाचा डबा आणूनच ठेवला होता, नशीब ओतलं नाई. म्हटलं पिकअपले तरी वापरू. पण दोन महिने झाकण अर्धवट उघडं, पावसाची दमट हवा, आणि ते हवेतलं पाणी ओढते, त्यामुळं तिलेही नाई टाकता आलं.