डबीचा दोष नव्हता

तीन आठवडे मी कॅसेटमधली गाणी कॉम्प्युटरवर घेणाऱ्या एका काडीपेटीएवढ्या डबीला शिव्या घातल्या. ती बिचारी निर्दोष निघाली, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण शाळेला सुट्ट्या आहेत आणि बाहेर पंचेचाळीसचं ऊन आहे, त्यामुळे वेळ आहे. ज्यांच्या घरी कूलर आहे त्यांनी तर वाचाच, कॅसेटशी घेणंदेणं नसलं तरी.

आईच्या पेटीत चौदा कॅसेटी निघाल्या. त्यातल्या नऊ भुलाबाईच्या गाण्यांच्या. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या आवारात रोज संध्याकाळी गाणी व्हायची, शेवटी खाऊ ओळखायचा कार्यक्रम. 1991 साली मामानं नवीन टेप आणला आणि हौसेनं ही गाणी भरून ठेवली. त्यात मोठ्या मावशीचा आवाज आहे. मावशी आता नाही. पुण्याची भाची म्हणाली, "मोबाइलवर पाठव ना." जसं काही कॅसेट व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलता येते.

तर ही डबी. टेपच्या इअरफोनच्या भोकातून वायर डबीत, डबी यूएसबीनं कॉम्प्युटरला. टेपमधून येतो तो कमीजास्त होणारा व्होल्टेज. डबी तो सेकंदाला 44,100 वेळा मोजते आणि ते आकडे कॉम्प्युटरला पाठवते. बाकी काही जादू नाही. मिनिटाला साधारण दहा एमबी जागा लागते. ड्रायव्हर वगैरे बहुतेक वेळा लागत नाही, कारण अशा डब्यांसाठी एक ठरलेली पद्धत आहे आणि ती विंडोजला आधीच येते. हे मला आता कळलं. तेव्हा मुलगा फोनवरून "ड्रायव्हर टाक, ड्रायव्हर टाक" करत होता आणि मी कुठल्या कुठल्या साइटवरून काय काय उतरवून घेत होते. त्यातून एक जाहिरातींचा रोग लागला, तो काढायला दोन दिवस गेले.

आधी आवाजच येईना. डबी कॉम्प्युटरच्या पेटीच्या पुढच्या भोकात लावली होती, ती मागच्या भोकात लावल्यावर दिसू लागली. तरी आवाज नाही. विंडोज या डबीला माइक समजतं आणि माइकची परवानगी प्रायव्हसीत बंद होती. ती चालू केली. मग आवाज आला, पण फाटका, लग्नातल्या डीजेसारखा. टेपचा आवाज मी फुल्ल ठेवला होता. डबीचं भोक माइकसाठी, त्याला व्होल्टचा काही हजारावा भाग पुरतो. टेप त्याच्या कितीतरी पट देत होता. टेपचा आवाज दोनवर आणला, कॉम्प्युटरमधला माइक बूस्ट शून्यावर, आणि ते "एन्हान्समेंट" म्हणून जे असतं ते बंद. ते चालू असलं की टाळ्यांना गोंगाट समजून दाबतं. भुलाबाईच्या गाण्यात टाळ्या दाबल्या तर उरलं काय?

इथवर ठीक होतं. खरी कटकट पुढं. गाण्याच्या मागं सतत एक घुंई. पीठगिरणी लांब कुठंतरी चालू असावी तशी. मावशी श्वास घ्यायला थांबली की ती वर यायची.

दर्यापूरच्या दुकानदारानं डबी हातात न घेताच निकाल दिला, "मॅडम, थे डबीच बोगस हाय. दुसरी घ्या." घेतली. दुप्पट किमतीची. तीच घुंई, जरा जास्त स्वच्छ ऐकू येणारी. मुलगा म्हणाला, विंडोज नव्यानं टाक. गावातला लाइनचं काम करणारा पोरगा आला, त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाला, "प्लगची तिसरी पिन काढून टाकतो, मॅडम. घुंई बंद." या पोराकडं परत येते.

मी विज्ञान शिकवते. सातवीच्या पोरांना दरवर्षी सांगते की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला. घरी मात्र मी तीन आठवडे एकदम चार चार गोष्टी बदलत होते. एका रविवारी लाज वाटली आणि वही घेऊन बसले.

टेपची लाइटची वायर काढली, मोठे सेल घातले. घुंई बरीच कमी, पण गेली नाही. टेपला हात लावला की परत वाढायची. वायर बदलली, फरक नाही. मग शेजारच्या पोरीचा लॅपटॉप आणला. चार्जर काढलेला, बॅटरीवर. डबी तीच, वायर तीच, टेप तोच. घुंई नाही. एकदम शांत. इतकं शांत की टेपच्या चाकाची खरखर ऐकू आली. चार्जर लावला, घुंई हजर. काढला, गायब. हे मी पाच वेळा केलं, नुसत्या आनंदानं.

म्हणजे डबी ठीक, विंडोजही ठीक. जे येत होतं ते भिंतीतून येत होतं.

मग आठवलं, की माझ्या कॉम्प्युटरच्या पेटीला उलटा हात लागला की झिणझिण्या येतात. कित्येक वर्षं येतात. आम्ही त्याला "पेटी चावते" म्हणतो आणि चप्पल घालून बसतो! कॉम्प्युटरच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून लोखंडी पेटीला बारके कपॅसिटर जोडलेले असतात. आतला विजेचा कचरा तिसऱ्या पिनेतून जमिनीत सोडायला. तिसरी पिन जमिनीला पोचतच नसली तर पेटी अधांतरी राहते आणि तिच्यावर निम्मा व्होल्टेज बसतो, 230चे निम्मे 115. करंट अगदी थोडा, म्हणून माणूस नुसता झिणझिणतो. पण वाट मिळेल तिकडं तो जातो, आणि मी त्याला छान वाट करून दिली होती, डबीतून टेपपर्यंत. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. ती घुंई म्हणजे हे हेलकावे.

आमच्या ह्यांनी मोटारपंपासाठी मीटर घेतला होता. बोर्डावर फेज ते न्यूट्रल 221. फेज ते अर्थ जवळपास तितकाच यायला हवा होता. आला 94, आणि तोही जागेवर थांबेना, कधी 80, कधी 100. वायरमनच्या टेस्ट लॅम्पचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावला तर पेटलाच नाही, म्हणजे अर्थ जमिनीला पोचतच नव्हता. (ही तपासणी स्वतः करू नका. मीही दुसऱ्यांदा जाणत्या वायरमनला बोलावूनच केली.)

घराची अर्थिंग मागं न्हाणीजवळ आहे. 2009 साली घर बांधलं तेव्हाची. खोदलं. वायर ओढली, ती सरळ हातात आली. पाइपाला जोडणारी पट्टी कुजून तिचा भुगा झाला होता.

आमचा भाग खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या जमिनीत मीठ, विहिरीचं पाणी खारट, भिंतींना पांढरा फुलोरा. खारट ओल्या मातीतून वीज चांगली वाहते, म्हणजे अर्थिंगला आमची माती एक नंबर. पण तीच माती लोखंड खाते. त्यात उन्हाळ्यात काळी माती भेगाळून पाइपापासून सुटते. वरून आपल्याकडची रीत, खड्ड्यात मीठ-कोळसा ओता. मुरमाड जमिनीत ते समजू शकते. पण जिथं जमीनच खारट तिथं आणखी मीठ घालणं म्हणजे पाइपाचं आयुष्य कमी करणं. आम्ही या वेळी तांब्याचा मुलामा असलेला रॉड टाकला, भोवती बेंटोनाइटची माती, आणि जोड वरून दिसेल असा ठेवला. सोबत मेन बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळू लागला की लाइन तोडणारा स्विच.

आता त्या पिन काढणाऱ्या पोराचं. त्याचा उपाय खोटा नव्हता, हेच वाईट आहे. दोन उपकरणांची अर्थिंग दोन वाटांनी जमिनीत गेली की त्यांच्या मध्ये एक फेरा तयार होतो, त्यानंही घुंई येते आणि पिन काढली की खरंच जाते. नेटवर हा उपाय सांगणारे पैशाला पासरी आहेत. माझा रोग नेमका उलटा होता, अर्थिंग जास्त नाही, अजिबातच नाही. पण ज्याच्या घरी उपाय "लागू पडतो" तो त्याच सवयीनं कूलरलाही दोन पिना लावतो. लोखंडी पत्र्याचा कूलर, आत पाण्याचा पंप, खाली ओली फरशी. विदर्भात दर उन्हाळ्यात पेपरात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येते. आपण हळहळतो आणि पान उलटतो. माझ्या घरी कूलरचा प्लग तीन पिनांचा होता, मला त्याचा अभिमानही होता. तिसरी पिन भिंतीतून निघून न्हाणीजवळच्या मातीत कुजलेल्या तुकड्यापाशी संपत होती. घर बांधताना खड्डा खोदल्यावर कुणी तिकडं बघितलंच नाही. आम्हीही नाही. मी वर्गात "अर्थिंगचे महत्त्व" शिकवते, हे इथं कशाला सांगू.

म्हणून माझा राग डबीपेक्षा त्या "दुसरी घ्या"वर आहे. साखळीतली सगळ्यात स्वस्त, सगळ्यात नवीन वस्तू दिसली की दोष तिचा. चायनाची ना, मग संपलंच. माझ्याकडं आता दोन डब्या आहेत, दोन्ही धडधाकट. कुणाला हवी असेल तर एक घेऊन जा.

अर्थिंगनंतर शेजारच्या काकूंकडं टेस्ट लॅम्प लावून पाहिला. नाही पेटला. त्यांच्या समोरच्यांकडंही नाही. काकू म्हणाल्या, "बाप्पा, एवढी वर्सं झाली, काही झालं नाही." वायरमन गुरुवारी येतो म्हणालाय, मी काकूंना त्या दिवशी कूलर बंद ठेवायला लावलंय.

कॅसेटी अकरा झाल्या. कूलर चालू-बंद होताना अजूनही रेकॉर्डिंगमध्ये टक वाजतं, म्हणून मी पहाटे पाचला बसते. एका कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा घुंई ऐकू आली आणि माझ्या पोटात गोळा आला. लॅपटॉपवर लावली, तिथंही होती. मग नीट ऐकलं. ती कॅसेटमध्येच भरलेली आहे, आवारातल्या ट्यूबलाइटच्या चोकची. तिसऱ्या गाण्याच्या मध्यात ती एकदम थांबते, कुणीतरी पोरगी "लाइन गेली वं!" म्हणून हसते, आणि मावशी अंधारात पुढची ओळ उचलते. आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ती घुंई काढता येते. मी काढलेली नाही.