कट्टरता टिकते ती वाळीत टाकण्याच्या भीतीवर

धार्मिक कट्टरतेवर चर्चा सुरू झाली की आपण लगेच दंगली, भडक भाषणं आणि 'त्यांच्या' धर्माकडे वळतो. माझं मत असं की कट्टरतेचा सगळ्यात जुना आणि रोजचा बळी स्वधर्मीयच असतो. वेगळं बोलणारा, हिशेब मागणारा, ठरवून दिलेल्या चौकटीबाहेर लग्न करणारा. त्याला गप्प करायला तलवार लागत नाही, त्याच्या घरचं लग्न आणि मयत अडवलं की पुरतं. हे हत्यार बोथट केल्याशिवाय कितीही प्रबोधन केलं तरी ते वरवरचं राहतं.

आपल्याच पुण्यातलं उदाहरण घ्या. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातली काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला. नंतर हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वृत्तपत्रात छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, तरी घरच्या कार्याला भटजी मिळणं त्यांना अवघड झालं. एक नामवंत न्यायाधीश आणि 'केसरी'चा संपादक, दोघांनाही एका चहापायी ही किंमत मोजावी लागली. मग ज्याच्या मागे ना पद ना पैसा, त्याची अवस्था काय होत असेल?

१८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार ठरवला आणि त्याची झळ गावात राहणाऱ्या त्यांच्या घरच्यांना बसली. बहिष्काराचं मर्म इथेच आहे. ज्याने नियम मोडला तो शहरात असतो, नोकरी करतो, सहन करू शकतो. म्हणून दाब त्याच्यावर न टाकता म्हाताऱ्या आईवर, भावावर, लग्नाच्या बहिणीवर टाकला जातो. मग घरातलेच हात जोडून म्हणतात, 'एकदा माफी माग आणि मिटव.' पंचांना स्वतः काही करावंच लागत नाही.

धर्मसत्तेला हे हत्यार किती नेमकेपणाने वापरता येतं हे मुस्लिमांमधल्या दाऊदी बोहरा समाजातल्या वादात दिसतं. तिथे वयात येताना मिसाक म्हणजे धर्मगुरूंशी निष्ठेची शपथ घेतली जाते. गावोगावी धर्मगुरूंचा प्रतिनिधी, आमिल, असतो. निकाह असो की दफन, त्यासाठी रजा, म्हणजे परवानगी लागते. ज्याच्यावर 'बरात', म्हणजे बहिष्कार, लागली, त्याच्याशी नातेवाइकांनीही संबंध ठेवायचा नाही. समाज व्यापारी, त्यामुळे उधारी, गिऱ्हाईक, भागीदारी सगळं एकमेकांत गुंतलेलं. बहिष्काराचा पहिला फटका धंद्याला बसतो, आणि त्यानेच माणूस सगळ्यात लवकर मोडतो. मुंबईत बोहरा सुधारणावादी असगर अली इंजिनियर यांनी आयुष्यभर याविरुद्ध आवाज उठवला. न्यायमूर्ती नाथवानी आयोगाने १९७९ च्या अहवालात या तक्रारींची नोंद केली. उदयपूरमध्ये मात्र १९७० च्या दशकात सुधारणावाद्यांचा मोठा गट एकदमच बाहेर पडला आणि टिकला, कारण त्यांनी नुसता निषेध न करता स्वतःची सहकारी बँक आणि स्वतःच्या संस्था उभ्या केल्या. समाजसुधारणेच्या भाषणांत या बँकेचा उल्लेख फारसा होत नाही, तो व्हायला हवा. कर्ज, दफनभूमी आणि सोयरीक या तीन गोष्टींची पर्यायी सोय असेल तर माणूस निर्भयपणे बोलू शकतो.

कायद्याचा इतिहासही दुखरा आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कारबंदीचा कायदा केला होता, दंड एक हजार रुपयांपर्यंत. बोहरांचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. बहुमताचं म्हणणं असं की धार्मिक कारणावरून सभासदाला काढून टाकणं हा राज्यघटनेच्या कलम २६ खाली पंथाचा स्वतःचा कारभार आहे. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात होते. बहिष्कृत माणसाची स्थिती अस्पृश्यासारखी होते, हा त्यांचा मुद्दा. मला सिन्हांचं मत बरोबर वाटतं. प्रार्थनास्थळाचं दार कोणाला उघडायचं हा पंथाचा प्रश्न असेलही, पण किराणा, दवाखाना आणि स्मशान हा नाही. १९८६ मध्ये या निकालाच्या फेरविचारासाठी याचिका झाली. घटनापीठाने तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला २०२३ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी.

महाराष्ट्राने दरम्यान वेगळा रस्ता काढला. २०१३ मध्ये नाशिकमधल्या एका तरुणीच्या खुनानंतर जातपंचायतींचा प्रश्न ऐरणीवर आला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने (अंनिस) जातपंचायत मूठमाती अभियान हाती घेतलं. त्याच वर्षी २० ऑगस्टला समितीचे संस्थापक डॉ. दाभोलकरांची हत्या झाली, अभियान थांबलं नाही. रायगडमधल्या गावकीच्या बहिष्काराच्या तक्रारीही पुढे येत राहिल्या. त्यातून २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आला, ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. चिथावणी देणाराही दोषी. हा कायदा फक्त जातीपुरता नाही, धर्म आणि पंथाच्या नावाने टाकलेला बहिष्कारही त्यात येतो.

आता तो वापरताना कुठे अडतं ते पाहा. पंच कधीच लेखी निर्णय देत नाहीत. 'आम्ही कुठे बहिष्कार टाकला, लोक आपणहून येत नाहीत,' हा ठरलेला बचाव. त्यामुळे पहिल्या दिवसापासून तारीखवार टिपण ठेवावं: बैठक कुठे झाली, कोण हजर होते, कोणत्या दुकानदाराने कोणत्या दिवशी माल नाकारला. देवळाची किंवा जमातीची वर्गणी परत केली असेल तर तो पुरावा फार भक्कम, कारण पैसे नाकारायला दुसरं कारण नसतं. दंड भरायची वेळ आलीच तर पावती मागावी किंवा ऑनलाइन पाठवावा, रोख कधीच नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. 'यांच्या कार्याला जाऊ नये' असा ऑडिओ आला तर मूळ फाइल जपावी, नुसती फॉरवर्ड करून भागत नाही.

पोलीस ठाण्यात दुसरी अडचण. 'तुमचा आपसातला वाद आहे' म्हणून नुसती अदखलपात्र नोंद करून परत पाठवतात. या कायद्याखालचा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीवाचून पोलिसांना तपास करता येतो. तक्रारीत कायद्याचं नाव आणि वर्ष स्पष्ट लिहावं. तक्रार पीडित किंवा त्याच्या कुटुंबातला कोणीही देऊ शकतो, आणि पोलिसांनी टाळलं तर थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा अशी तरतूद आहे. वसूल झालेला दंड पूर्ण किंवा अंशतः पीडिताला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं, ही मागणी वकिलाकडून आवर्जून करून घ्यावी.

तिसरी अडचण तडजोडीची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच मरतात. गुन्हा जामीनपात्र असल्याने पंच लगेच गावात परततात आणि स्टॅम्प पेपरवर 'आमचं मिटलं' असं लिहून घेतात. त्या कागदाने खटला संपत नाही. तडजोडीला पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी दोन्ही लागतात. संमती द्यायचीच असेल तर बहिष्कार मागे घेतल्याचं ज्या बैठकीत तो ठरला तशीच बैठक घेऊन, तितक्याच लोकांसमोर जाहीर व्हायला हवं, आणि घेतलेला दंड परत मिळायला हवा. ही अट न घालता सही केली की पुढच्या लग्नसराईत तोच बहिष्कार आवाज न करता पुन्हा सुरू होतो. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर सही करण्याआधी त्याला अंनिसच्या जवळच्या शाखेत घेऊन जा, आणि त्याच्या घरच्या पुढच्या कार्याला सहकुटुंब जेवायला जा.