करंट येत नाही, म्हणून कॉइल भंगारात टाकू नका

जुन्या रेसिंग कार्टच्या, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाड्यांच्या, टू-स्ट्रोक इंजिनांची हौस असणारी पुण्यातील मंडळी मोजकीच आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यापैकी एकाने पुढे पाठवलेला संदेश दोन दिवसांत सर्वांपर्यंत पोचतो. गेल्या काही महिन्यांपासून असाच एक संदेश फिरतो आहे. त्यात म्हटले आहे, की इंजिनाला करंट येत नसेल, म्हणजे प्लगवर ठिणगी पडत नसेल, तर ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉइल जळालेली असते, ती आधी बदलावी; कंडेन्सर कुठल्याही स्कूटरचा चालतो; पॉइंट (उघडझाप करून कॉइलचा प्रवाह तोडणारी संपर्काची जोडी) पॉलिश पेपरने घासून त्यांतला गॅप नजरेने ठेवावा; प्लग बाहेर काढून निळी ठिणगी दिसली की इग्निशन ठीक समजावे; चाळीस-पन्नास वर्षांत फ्लायव्हीलमधील मॅग्नेट मरतात, म्हणून ते चार्ज करून घ्यावेत; फ्लायव्हीलची की (फ्लायव्हील क्रँकवर योग्य जागी बसवणारी धातूची छोटी पट्टी) तुटत असेल तर कडक पोलादाची घालावी; आणि एवढे सगळे नको असेल तर पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवून कायमचे मोकळे व्हावे.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण मॅककलॉक या अमेरिकी कंपनीचे कार्ट इंजिन घेऊन धायरीतील माझ्या छोट्या कार्यशाळेत आला. हा संदेश वाचून त्याने मूळ कॉइल भंगारात दिली होती आणि परदेशातून दुसरी मागवून बसवली होती, तरीही करंट नव्हता. इंजिन बंद करण्याच्या वायरचे आवरण फ्लायव्हीलच्या कव्हरखाली घासून गेले होते आणि उघडी तार बॉडीला टेकत होती. तारेवर इन्सुलेशनची दोन इंच नळी चढवल्यावर इंजिन सुरू झाले. मूळ कॉइल मात्र परत मिळाली नाही. त्या दिवसापासून या संदेशाला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटत आले आहे.

पहिला मुद्दा कॉइलचा. कॉइल कधीच जात नाही, असे माझे म्हणणे नाही. पण ती तपासणीच्या शेवटी यावी, सुरुवातीला नव्हे. सर्वप्रथम बंद करण्याची वायर पूर्ण सोडवून ठिणगी पाहावी, त्यानंतर चांगला ठाऊक असलेला प्लग आणि कॅप लावून पाहावी, मग पॉइंटच्या टर्मिनलवरील फायबरचे वॉशर जागेवर आहेत की नाहीत ते पाहावे, कारण त्यांतला एक जरी उलटा बसला तरी पॉइंट कायमचे अर्थ होतात, म्हणजे बॉडीला जोडले जातात. अनेक वर्षे पडून राहिलेल्या इंजिनात पॉइंटच्या तोंडावर डोळ्यांना न दिसणारा थर साचतो आणि तेवढ्यानेही प्रायमरीचा, म्हणजे कॉइलमधील पॉइंटला जोडलेल्या गुंडाळीचा, प्रवाह थांबतो. एवढे झाल्यावरच मीटर हाती घ्यावा. प्रायमरीचा रोध साधारणपणे अर्धा ते एक ओहम आणि सेकंडरीचा, म्हणजे प्लगला जोडलेल्या दुसऱ्या गुंडाळीचा, काही हजार ओहम असतो. प्रायमरी मोजताना मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा केला नाही, तर आकडा निरर्थक ठरतो. थंड असताना बरोबर आकडा देणारी कॉइलही तापल्यावर आतल्या आत फुटू शकते, म्हणून पाच मिनिटांच्या फेरीनंतर बंद पडणाऱ्या इंजिनाची कॉइल गरम हवेने तापवून पुन्हा तपासावी. या परीक्षेत ती नापास झाली, तर ती जरूर बदलावी.

कॉइल मारण्याचा खात्रीचा मार्ग मात्र संदेशात सांगितलेलाच नाही. प्लगची वायर मोकळी सोडून इंजिन फिरवले, की सेकंडरीतील विजेच्या दाबाला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि तो इन्सुलेशन फोडून वाट काढतो. करंट पाहताना प्लगची बॉडी इंजिनाला घट्ट टेकलेली असलीच पाहिजे. पेट्रोलची टाकी आणि ओले फडके त्या वेळी दूर ठेवावे.

कंडेन्सरविषयीचे विधान सर्वांत जास्त नुकसान करते, कारण ते अर्धे खरे आहे. मॅग्नेटोमध्ये, म्हणजे बॅटरीविना चुंबकावर चालणाऱ्या या इग्निशनमध्ये, पॉइंट बंद असताना फ्लायव्हीलच्या चुंबकामुळे प्रायमरीत प्रवाह वाहतो. पॉइंट उघडले की तो प्रवाह एका क्षणात तुटला पाहिजे, कारण चुंबकीय क्षेत्र जितक्या झटक्यात कोसळेल तितका सेकंडरीत दाब जास्त उभा राहतो. कंडेन्सर त्या क्षणी प्रवाहाला दुसरी जागा देतो. तो नसेल किंवा गळत असेल, तर प्रवाह उघडणाऱ्या पॉइंटमधूनच ठिणगीच्या रूपाने वाहत राहतो, पॉइंट जळतात आणि प्लगपर्यंत नावापुरताच करंट पोचतो. म्हणजे ‘कंडेन्सर फक्त पॉइंट वाचवतो’ ही समजूत जितकी प्रचलित आहे तितकीच अपुरी आहे.

नाना पेठेत स्कूटरचा कंडेन्सर सहज मिळतो, आणि त्याची धारणक्षमता बहुधा ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडच्या आसपास असल्यामुळे इंजिन त्यावर सुरूही होते. आकडा बराच चुकला, तर एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर उंचवटा तयार होतो. असा उंचवटा दिसला की नुसते पॉइंट बदलून उपयोग नाही. आकडा जुळला तरी दोन प्रश्न उरतात. पॉइंट उघडताना प्रायमरीतही दोन-तीनशे व्होल्ट येतात, तेवढा दाब तो सोसतो का, आणि क्रँककेसला लागून असलेल्या जागेत तापल्यावर त्याचे इन्सुलेशन टिकते का? साधा मीटर या दोन्हींपैकी कशाचेही उत्तर देत नाही. तो फक्त पूर्ण शॉर्ट झालेला कंडेन्सर पकडतो. थंड असताना चालणारे आणि गरम झाल्यावर मिसिंग मारणारे इंजिन असेल, तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर असतो. ‘न वापरलेला जुना माल’ म्हणून चढ्या भावाने विकले जाणारे कंडेन्सरही डोळे झाकून घेऊ नयेत, कारण आतला कागद वापराविनाही ओल धरतो आणि पुण्याचा जुलै-ऑगस्ट त्याला मुळीच मानवत नाही. किमान ४०० व्होल्टचा, ०.२२ मायक्रोफॅरडचा आणि उष्णता सोसणारा फिल्म कपॅसिटर जुन्या डबीत बसवणे, किंवा जागा असल्यास आखूड वायरीने फ्लायव्हीलपासून दूर बसवणे, हा मला आजवर सर्वांत समाधानकारक वाटलेला उपाय आहे.

पॉलिश पेपरचे कण पॉइंटच्या धातूत रुततात आणि पुढे तेच प्रवाह अडवतात, म्हणून बारीक दगडी फाइल वापरावी आणि शेवटी कोरा कागद पॉइंटमधून ओढून ते पुसावेत. पण या मुद्द्यात घासण्यापेक्षा गॅपची गोष्ट अधिक गंभीर आहे. गॅप वाढवला की पॉइंट आधी उघडतात आणि टायमिंग पुढे जाते, म्हणजे ठिणगी लवकर पडते. पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडते. यामाहा केटी-१०० या कार्ट इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ४६ मिलिमीटर आहे. पिस्टन आणि क्रँक जोडणारा रॉड १०० मिलिमीटर धरला, तर पिस्टन वरच्या टोकापासून २ मिलिमीटर खाली असतो तेव्हा क्रँकचा कोन सुमारे २२ अंश भरतो, आणि टायमिंग १९ अंशांवर आणल्यास पिस्टनच्या स्थितीत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. इतक्या बारीक हिशेबाचे काम नजरेने होत नाही. त्यासाठी फिलर गेज आणि प्लगच्या भोकात बसणारा डायल गेज हवाच. शिवाय मॅग्नेटोत पॉइंट उघडण्याचा क्षण पिस्टनशी जुळावा लागतो तसाच चुंबकाच्या स्थितीशीही जुळावा लागतो, कारण प्रायमरीचा प्रवाह फेरीतील एका ठरावीक जागीच सर्वाधिक असतो. पॉइंट नेमके कधी उघडतात हे मीटरने पाहायचे असेल, तर प्रायमरीची वायर आधी सोडवावी; नाहीतर अर्ध्या ओहमची कॉइल समांतर राहिल्यामुळे पॉइंट उघडे आणि बंद यांतला फरक मीटरला जेमतेम कळतो.

फ्लायव्हीलमागे पॉइंट असलेल्या इंजिनात साफ केलेले पॉइंट आठवड्याभरात पुन्हा तेलकट झाले, तर दोष इग्निशनचा नसून क्रँकच्या ऑइल सीलचा असतो. ते सील तेल बाहेर सोडते तशी हवाही आत ओढते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकण्याचा धोका निर्माण होतो. अशा वेळी पॉइंट घासत बसणे म्हणजे इशाऱ्याकडे पाठ फिरवणे होय.

निळ्या ठिणगीचा मुद्दा ऐकायला पटतो, पण मोकळ्या हवेत एक मिलिमीटर अंतर पार करायला साधारण ३,००० व्होल्ट पुरतात, आणि सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात त्याच अंतराला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून प्लगऐवजी पाच-सहा मिलिमीटर अंतराच्या टेस्टरवर ठिणगी पाहावी. तीही शेवटची परीक्षा नव्हे. १२,००० आरपीएमला टू-स्ट्रोक इंजिनाला सेकंदाला २०० ठिणग्या लागतात आणि एका फेरीला फक्त ५ मिलिसेकंद मिळतात. पॉइंटची स्प्रिंग ढिली असेल तर तेवढ्या वेळात पॉइंट उसळतात आणि नीट मिटतच नाहीत, जे हाताने फिरवताना कधीच दिसत नाही. १९५६ साली आर्ट इंगेल्स यांनी कॅलिफोर्नियात पहिला कार्ट बनवला तो गवत कापण्याच्या यंत्राचे वेस्ट बेंड इंजिन लावून, आणि मॅककलॉकची सुरुवातीची कार्ट इंजिने चेनसॉच्या इंजिनांतून आली. तिथला मॅग्नेटो पुढे रेसच्या वेगाला जुंपला गेला, त्यामुळे त्याच्या स्प्रिंगची आणि गॅपची काळजी मूळ कामापेक्षा जास्त घ्यावी लागते.

मॅग्नेट केवळ वयाने मरतात हे मला आजवर फारच क्वचित आढळले आहे. जुने अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचे) चुंबक हातोड्याच्या घावांनी आणि चुकीच्या हाताळणीने कमजोर होतात, म्हणून फ्लायव्हील पुलरनेच काढावे, ठोकून नव्हे. त्याआधी कॉइलच्या पट्ट्या आणि फ्लायव्हील यांतले अंतर मोजावे, कारण अनेक इंजिनांत ते ०.२५ ते ०.३० मिलिमीटर असते आणि ते वाढले की चांगला मॅग्नेटही मेल्यासारखा वागतो.

कडक पोलादाच्या कीचा सल्ला मात्र पूर्णपणे धोकादायक आहे. फ्लायव्हीलचा भार की पेलत नाही, तो क्रँकचा टेपर, म्हणजे निमुळता दांडा, पेलतो. की केवळ फ्लायव्हील योग्य जागी बसावे म्हणून असते. की तुटते याचा अर्थ टेपर नीट बसत नाही. तेव्हा की मऊच ठेवावी, निळा रंग लावून टेपर किती भागावर टेकतो ते पाहावे, बारीक ग्राइंडिंग पेस्टने दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर बसवावेत, पेस्टचा कण न कण धुऊन टेपर कोरडा करावा आणि नट टॉर्क रेंचनेच आवळावा. कडक की घातली, तर पुढच्या वेळी क्रँकवरील कीची खाच फुटते, आणि असा क्रँक भोसरीतील उत्तम कारागिराकडे नेला तरी तो पूर्ववत होईल याची खात्री देता येत नाही.

राहिला इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलचा मुद्दा. इलेक्ट्रॉनिक म्हणजे कायमची सुटका नव्हे, हे मोटोप्लॅटच्या इग्निशनने दाखवून दिले आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अनेक रेसिंग टू-स्ट्रोक इंजिनांवर असलेल्या या स्पॅनिश बनावटीच्या संचात पॉइंट नव्हते. त्याचे भाग इपॉक्सीत बंद होते, त्यामुळे उष्णतेने ते बिघडले की साध्या हत्यारांनी दुरुस्तच करता येत नसत. बाजारात मिळणारी स्वस्त मॉड्यूले बहुधा ३,६०० आरपीएमच्या आसपास चालणाऱ्या बागकामाच्या इंजिनांसाठी असतात. प्रायमरीची ध्रुवता उलटी असेल तर ती चुकीच्या क्षणी ठिणगी पाडतात, आणि वेग वाढला की त्यांचे टायमिंग सरकते. ज्यांना मॉड्यूल बसवायचेच आहे त्यांनी प्लग काढून, त्याची बॉडी अर्थ करून, बाहेरील मोटरने क्रँक फिरवावा, टायमिंग लाइटने १,०००, ३,००० आणि ६,००० आरपीएमला खूण कुठे येते ते लिहून ठेवावे, आणि ती चार-पाच अंशांहून जास्त सरकत असेल तर ते मॉड्यूल त्या इंजिनावर चालवू नये. काढलेले पॉइंट, कंडेन्सर आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने तारेत ओवून इंजिनाच्या पेटीतच ठेवावेत.