तीन तोंडांची गाडी

म्युनिकहून टेगेर्नसे या तळ्याकाठच्या गावाला जाणारी गाडी ही एक गाडी नसतेच, तीन असतात. तीन छोटे डिझेल संच जोडून निघतात. होल्झकिर्शनला एक सुटून बायरिशत्सेलला जातो, पुढे शाफ्टलाखला उरलेले दोन फुटतात: एक टेगेर्नसे, एक लेंग्रीस. आतून मात्र एका संचातून दुसऱ्यात जायला वाट नाही.

रविवारी सासूबाईंना तळं दाखवायला निघालो. सायकली, रकसॅक, कुत्री. दारावरची पाटी वाचायची सोय नाही. मिळेल त्या दारातून घुसलो.

समोर एक आजोबा उकडलेलं अंडं सोलत होते. टरफलाचे तुकडे मांडीवरच्या कागदावर नीट रांगेत.

"कुठे?"

"टेगेर्नसे."

अंड्यावरचा हात थांबला. "चूक." मग मला कळावं म्हणून सावकाश, "तुम्ही. बसणे. बायरिशत्सेल."

मी इथे कर भरतो, जर्मनची बी-वन परीक्षा पास आहे, घरमालकाशी भांडतो तेसुद्धा जर्मनमध्ये. व्याकरणशुद्ध वाक्यात विचारलं, की मग आमचा भाग कोणता? उत्तर आलं, "तुम्ही. उतरणे. होल्झकिर्शन."

सासूबाईंशी मात्र ते भरधाव बव्हेरियन बोलीत बोलले, अंडं पुढे करत. "अहो नको, आज चतुर्थी आहे," त्यांनी सांगलीच्या मराठीत सांगितलं. आजोबांनी मान डोलावली, अंडं मागे घेतलं आणि सफरचंद कापलं. ते चाललं. मला कुणी विचारलं नाही.

"जावईबापू, माणूस भला आहे हो. यांनाच आधी विचारायचं."

कुठे आधी? फलाटावर?

होल्झकिर्शनला पळालो. आपल्याकडे शंटिंग म्हणजे निवांत चहा. इथलं संच जोडणारं शार्फेनबर्ग कपलिंग चालकाने बटण दाबलं की सुटतं, त्यामुळे गुडघेदुखीवाल्या बाईसाठी थांबायला कुणाला कारणच उरत नाही. आजोबा खिडकीतून काठीने दिशा दाखवत होते. बरोबर दाखवत होते, हेच जास्त झोंबलं. टेगेर्नसेपर्यंत शौचालयाच्या दाराला टेकून उभे. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्यांचा मासिक पास, २०२३ मध्ये ४९ युरोला निघाला, जानेवारी २०२६ पासून ६३. उभं राहायचे दर वेगळे ठेवायला काय हरकत आहे?

परतीला लेंग्रीसचा भाग उशिरा आला, म्हणून आम्ही शाफ्टलाखला खोळंबलो. फुटताना आमच्यासाठी अर्धा मिनिट थांबवत नाही, आणि लेंग्रीसकरांसाठी अख्खी गाडी ताटकळते. सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्यातही कुणाचा गुडघा दुखत असेल." मी काही बोललो नाही.