सोरायसिसचं इंजेक्शन बदलण्याबाबत खुलासा

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय : ‘सोरायसिसचं बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं) इंजेक्शन एकदा बदललं, की पुढचं कुठलंच लागू पडत नाही.’ साफ चूक. अशा दोन इंजेक्शनांपैकी अ‍ॅडालिमुमॅब टीएनएफ-अल्फाला रोखतं, सेक्युकिनुमॅब आयएल-१७ए ला; ही शरीरात दाह वाढवणारी दोन वेगळी प्रथिनं. पहिल्याविरुद्ध शरीरात प्रतिपिंडं (औषध निष्प्रभ करू शकणारी प्रथिनं) तयार झाली, तरी ती सहसा दुसऱ्याच्या आड येत नाहीत. बदलानंतर अनेकांची त्वचा पुन्हा निवळते. अंदाज यायला १२ ते १६ आठवडे लागतात, चार दिवसांत कुरकुर नको.

बदल नुसते चट्टे मोजून ठरत नाही. डीएलक्यूआय या, त्वचेच्या आजाराचा रोजच्या जगण्यावरचा परिणाम मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या १० प्रश्नांत गेल्या आठवड्यातली खाज, संकोच, कपड्यांची निवड येते (कोंडा दिसतो म्हणून गडद शर्ट टाळता ना?). ३० पैकी १० च्या वर गुण म्हणजे त्रास मोठा. डोस परस्पर थांबवू नका; नव्या इंजेक्शनाआधी टीबीच्या तपासणीचं डॉक्टरांना विचारा.