खलाशाच्या श्रद्धांतराविषयीच्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती होऊन दारू सोडलेल्या, आमच्या बंदरावरच्या एका खलाशाच्या श्रद्धांतराविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले आक्षेप तीन आहेत. कोकणातला गरीब माणूस आमिषापोटीच ख्रिस्ती होतो. दारू मनोनिग्रहानेही सुटते, त्यासाठी वाडवडिलांचा धर्म सोडण्याचे कारण नाही. आणि उद्या एखादा ख्रिस्ती माणूस हिंदू झाला, तर त्याच्याविषयी मी इतक्याच आनंदाने लिहीन का, असा आपला शेवटचा प्रश्न आहे.

आमिष दाखवून कोणाला बाप्तिस्मा देणे हे मी पाप समजतो आणि जिथे ते घडले असेल तिथे त्याची पाठराखण करणार नाही. मात्र गरिबाने घेतलेला प्रत्येक निर्णय विकत घेतलेलाच असणार, हे गृहीतक त्या गरिबाचा अपमान करणारे आहे. ख्रिस्ती होण्यात बहुधा काही मिळण्यापेक्षा गमवावेच अधिक लागते. अनुसूचित जातीतील माणूस ख्रिस्ती झाला, की १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्याचा त्या प्रवर्गातील दर्जा जातो. आपल्या खलाशाच्या बाबतीत तो प्रश्न नव्हता, पण शिमग्यात त्याच्या अंगणात पालखी थांबेनाशी झाली आणि सख्ख्या भावाने वर्षभर अबोला धरला. हे सोसावे लागेल याची त्याला आधीपासून पूर्ण कल्पना होती.

दुसऱ्या आक्षेपातील अर्धा भाग मला मान्य आहे. गळ्यात तुळशीची माळ घातल्यावर दारूला न शिवलेली माणसे माझ्याही परिचयात आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. म्हणूनच त्या खलाशाच्या बाबतीत दारू सुटण्यापेक्षा डिझेलची गोष्ट मला मोठी वाटते. बोटीवरचे डिझेल कॅनमध्ये काढून परस्पर विकण्याचा प्रकार तो कित्येक वर्षे करत होता आणि मालकाला त्याचा पत्ता नव्हता. बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना, तो आपण होऊन मालकाच्या ओटीवर गेला, आठवेल तेवढा हिशेब त्याने कागदावर मांडला आणि नव्या हंगामापासून ती रक्कम आपल्या वाट्यातून कापून घ्या, असे सांगितले. मालक संतापला, पण त्याने त्याला कामावर ठेवले आणि पुढे पैसेही कापून घेतले. ही चोरी कधी उघडकीस येण्याची शक्यता नव्हती. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार येतो. येशू त्याच्या घरी उतरल्यावर, ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत करीन, असे तो स्वतःहून म्हणतो. आपल्याला क्षमा मिळाली आहे असा विश्वास बसल्यामुळेच गुन्हा कबूल करण्याचे बळ येते, असा माझा अनुभव आहे, आणि निव्वळ मनोनिग्रहातून ते येताना मी क्वचितच पाहिले आहे.

हा पालट एका दिवसात होतो असा माझा दावा नाही. याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांना १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना हा आघात सहन झाला नाही. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि पतीजवळ परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांच्या स्वतःच्या बुद्धीला पटले, तेव्हा कुठे त्या इतरांच्या हातचे खाऊ-पिऊ लागल्या, आणि त्यानंतर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी घाई केली नाही, हे मला त्यांच्या कवित्वाइतकेच थोर वाटते. ज्यांना केवळ डोकी मोजायची असतात ते इतकी वर्षे थांबत नाहीत.

वाडवडिलांचे सारे सोडावे लागते, हेही टिळकांकडे पाहून म्हणता येत नाही. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या मार्गाने आलो, असे ते मानत, आणि ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगातच गायिली. आपला खलाशी पालखीसमोर नारळ ठेवत नाही, कारण ते त्याच्या विश्वासाशी प्रामाणिक राहणार नाही. मात्र त्याच्या आईचा देव्हारा तिच्या खोलीत जसाच्या तसा आहे आणि तिच्या पूजेची फुले तोच आणून देतो. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या काहींना हे खटकते. मला खटकत नाही, कारण आईबापांचा मान राखण्याची आज्ञा धर्म बदलल्याने रद्द होत नाही.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. नाही, तितक्याच आनंदाने मी लिहू शकणार नाही. मला दुःख होईल, कारण ख्रिस्ताला मी सत्य मानतो. परंतु संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने दिलेले सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य जसे त्या खलाशाचे आहे तसेच या माणसाचेही आहे, आणि ते त्याने वापरले म्हणून त्याच्यावर बहिष्कार घालण्याची भाषा आमच्या मंडळीत कोणी केली, तर मी तिला तिथेच उभा राहून विरोध करीन. त्याच्या घरचे जाणे-येणे आणि जेवणखाण मी बंद करणार नाही.