सुपरमधून कर्ज काढून घर: अटीही वाचा

ऑस्ट्रेलियात स्वतः चालवलेल्या सुपर फंडातून (म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशांच्या फंडातून) कर्ज काढून घर घेण्याचे फायदे एका लेखात छान मांडलेत, अटी मात्र दोन ओळींत उरकल्यात. त्या घरात स्वतः राहता येत नाही. शिकायला आलेल्या भाच्याला पूर्ण भाडं घेऊनही ठेवता येत नाही. कर्जाच्या पैशातून गळका नळ दुरुस्त होईल, वर मजला नाही चढणार. 'हप्ते थकले तरी फक्त ते घरच जाईल' हे लेखातलं म्हणणं कायद्यानं खरं, पण कर्ज देणारे बहुतेकदा फंडाच्या सभासदांची वैयक्तिक हमी लिहून घेतात, मग राहिलं काय? शिवाय भाड्यापेक्षा खर्च जास्त झाला तर तो तोटा फंडातच अडकतो, कर भरताना पगारातून वजा होत नाही. दवाखाना किंवा दुकानाचा गाळा असेल तर गोष्ट वेगळी; तो बाजारभावानं स्वतःच्याच धंद्याला भाड्यानं देता येतो. राहत्या घरांच्या बाबतीत मी तरी या भानगडीत पडणार नाही.